शुक्रवारी आखलेलं मैदान

भातकापणी झाली की दापोड्याकडच्या रस्त्याला अजून पेंढ्याचा वास येतो. आता तो पेंढा गोठ्यांकडे जात नाही. गोदामांत कपबशा, आरसे, काचेचे दिवे येतात, त्यांच्या खोक्यांत भरायला जातो. ट्रक धामणकर नाक्यावर अडकला की वरच्या भाऱ्यांतल्या काड्या रिक्षावाल्यांच्या डोक्यावर गळतात आणि ते ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढतात. मी तेवढा वेळ तिथेच उभी राहते. शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं, तरी हलत नाही. त्या वासात सकाळचं कोवळं ऊन असतं, कापलेल्या खाचरातला उरलासुरला ओलावा असतो, आणि मी एकोणीस वर्षांची असते.

एकोणीस वर्षांची, आणि जवळजवळ सगळ्या जगावर रागावलेली. राग मला घरातूनच मिळाला होता. बाबा लूमच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे, आणि उरलेल्या वेळात कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. आमच्याकडे देवाच्या तसबिरीखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर बोट ठेवून. माझा ‘ग’ गणपतीचा नव्हता, गेट मीटिंगचा होता. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ असं न म्हणता एखादा मजकूर सुरू होऊ शकतो, हे मला शाळेत गेल्यावर कळलं, आणि तो मजकूर मला जरा भित्राच वाटला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमची चाळ नाक्यापासून पंधरा मिनिटांवर. एका रांगेत बारा खोल्या. पुढच्या दारासमोर गल्ली, गल्लीत हातगाड्या, सुताच्या गोण्या, उलटे येणारे टेम्पो. मागच्या बाजूला गटार, गटारापलीकडे भाताचं एक खाचर, आणि खाचराच्या दुसऱ्या अंगाला लूमच्या शेडांची लांबच लांब रांग. प्रत्येक खोलीला मागे एक दार होतं, पण ते कुणी उघडत नसे. शहरात जाळपोळ झाली त्या वर्षी सगळ्यांनी त्या दारांना आतून जाड कड्या ठोकल्या होत्या. वाईट दिवस गेले, कड्या राहिल्या. मागे कचरा साठत गेला आणि दार उघडायचं कारणही संपलं.

लूमच्या आवाजाबद्दल लिहायला हवं, पण काय लिहावं ते कळत नाही. तो सतत होता. दिवसपाळी, रातपाळी, खटाखट, खटाखट. माझी मावशी नाशिकहून आली की कानांवर हात ठेवून विचारायची, “कशा गं राहता तुम्ही ह्यात?” आम्ही खरोखरच विचारायचो, “कशात?” आमची मुलं मोठ्यानं बोलतात, असं बाहेरचे लोक म्हणत. आम्हाला वाटायचं, बाहेरचे लोक पुटपुटतात. फक्त शुक्रवारी वीज बंद, लूम बंद. त्या सकाळी चाळीतली माणसं दचकून जागी व्हायची, कारण काहीच वाजत नसायचं. मग आंघोळी, नमाज, बाजार, लग्नाची बोलणी, भांडणं आणि सभा, सगळं त्या एका दिवसात.

जुबेदाआपा आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. माहेर निजामपुऱ्यातलं. बोलणं आमच्यासारखंच मराठी, मध्येच उर्दूत शिरून परत येणारं. नवरा लूमवर बारा तासांची शिफ्ट करायचा आणि आपा घरी कांड्या साफ करायची. मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात ज्या लाकडी कांडीवर सूत गुंडाळलेलं असतं, तिच्यावर शेवटी थोडं सूत उरतं. ते छोट्या पात्यानं कापून काढायचं, लाकडाला चीर पडू द्यायची नाही. सकाळी कांड्यांनी भरलेली टोपली यायची, संध्याकाळी जायची. नजर हलली की पातं बोटात. आपाच्या डाव्या हाताच्या बोटांवर नेहमी चिंध्या असत. आणि तिची नूरी तीन वर्षांची होती. आईची नजर हलवायला लावणं हेच त्या वयाचं काम.

म्हणून आपा नूरीला खाटेच्या पायाला बांधून ठेवायची. कापडाच्या काठाची लांब पट्टी, एक टोक खाटेला, दुसरं नूरीच्या कमरेला. पट्टी पुरेल तेवढं नूरीचं जग. त्यात एक माठ, एक चटई आणि उंबऱ्याचा अर्धा भाग येत होता.

मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं त्या दुपारी माझा भडका उडाला. “आपा, लेकराला बांधून ठेवतेस? खेळणं हा मुलांचा हक्क आहे. गुलाम आहे का ती?”

आपानं पातं खाली ठेवलं. पट्टीची गाठ सोडली आणि टोक माझ्या हातात दिलं. “अगं मेरी माँ, भाषण नको. धर. तुला एवढं वाचता येतं, धरता पण येत असेल.”

मी धरलं नाही. नूरीला मोकळं सोडलं, तत्त्व म्हणून. अर्ध्या तासात मी तिला एकदा गल्लीतल्या गटारातून, एकदा टेम्पोच्या चाकामागून आणि एकदा गल्लीच्या टोकाच्या एका शेडच्या दारातून उचलून आणलं. त्या दारात मोटारीचा पट्टा उघडाच फिरत असे. तिसऱ्या वेळी मी तिला आणून आपाच्या पुढ्यात ठेवलं. आपानं नूरीला घेतलं, गाठ मारली आणि म्हणाली, “झाला हक्क? जा, अभ्यास कर आता.”

आज मला त्या दुपारची लाज वाटते, पण त्या रागाची वाटत नाही. ह्या शहराच्या नकाशात मागाला जागा होती, सुताच्या गोणीला होती, ट्रकला वळायला होती. तीन वर्षांच्या माणसाला वळायला नव्हती. हे कुणाला तरी खटकायला हवं होतं.

मी पत्रक लिहिलं. ‘संबंधित अधिकाऱ्यांस’ असं वर घातलं. ते कोण, हे मला ठाऊक नव्हतं. खाली लिहिलं, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ कोण छेडणार, हेही ठरलं नव्हतं. बाबांनी सायक्लोस्टाइलवर प्रती काढून दिल्या, एक शब्दही न बदलता, आणि मी त्या नाक्यावर वाटल्या. संबंधित अधिकारी आले नाहीत. आले ते जोमाकाका.

जोमाकाका म्हणजे चाळीमागच्या खाचराचे मालक. आगरी शेतकरी, उंच, काटक, डोक्याला पांढरी टोपी. त्यांनी टोपीखालून माझं पत्रक काढलं.

“ह्यो कागद तुजा काय गो?”

“हो.”

“कोनाकरं मांगतंस जमीन? सायबांकरं? सायबाचे बापाची शेती हाय काय हिकडं?”

मी काही बोलायच्या आत ते बाबांकडे वळले. “माजा खाचर हाय ना तुमचे खोल्यांचे मागं. भात कापून झाला. आता मोकलाच हाय. घ्या पोरांना खेलाला.”

बाबांनी आयुष्यभर मालकांशी बोलणी केली होती. त्यांनी लगेच विचारलं, “अट काय, काका?”

“अट हाय ना. राब भाजाचे टायमाला मी बगीन. रोज पोरां दिसली, तं खाचर त्यांचा. मी राब दुसरीकडं भाजीन. न्हाय दिसली, तं गोडावनवाला कवापासून मागं लागलंय, त्याला हा बोलीन. रिकामी जमीन ठेवून मी काय करू?”

शिमग्यानंतर आमच्याकडचे शेतकरी रोपांच्या वाफ्यावर पाला, काटक्या आणि शेणी पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. म्हणजे कापणीच्या पेंढ्यापासून राबाच्या धुरापर्यंत आमच्याकडे एक हिवाळा होता. एका हिवाळ्यात नूरीसाठी जागा करायची, नाहीतर तिथे शटर बसणार.

मग शुक्रवारी सभा सुरू झाल्या. दुसरा वार शक्यच नव्हता. सगळे ड्युटीवर. शुक्रवारी दुपारी खाचरात गोणपाट टाकून बसायचं. उन्हाला छान ऊब, हवा इतकी शांत की लांबून कोंबडा ऐकू यायचा. मी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर नकाशे काढायचे. बाबांना लोखंड हवं होतं. भंगारातल्या मागांपासून झोपाळे, घसरगुंडी, सगळं वेल्डिंग करून देतो म्हणाले. जोमाकाका हसले. “लोखंड तं शेडांत हाय. हिकडं पन तोच? पोरांना मातीन लोलू द्या की.”

मुलांनाच विचारू, असं मी म्हटलं. एका शुक्रवारी चाळीतल्या लहान मुलांना खाचरात नेलं. मला वाटलं, सुटतील, धावतील. ती बांधाला चिकटून ओळीनं उभी राहिली. त्यांच्यापैकी बहुतेक कुणी भिंतीशिवाय कधी उभंच राहिलं नव्हतं. बराच वेळ कुणी पाऊल टाकलं नाही. मग नूरी खाली बसली, मातीचं एक ढेकूळ उचललं, त्याचा वास घेतला आणि चावली. दुसऱ्यानं पाहिलं. थोड्या वेळानं सगळी बसली होती, ढेकळं फोडत, एकमेकांच्या फ्रॉकांत आणि चड्ड्यांत माती भरत. ते पाहून बाबांनी लोखंडाचा विषय काढणं बंद केलं.

तो हिवाळा हातांना आठवतो. नदीची रेती बैलगाडीतून आली, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे होते. बांध रुंद करून त्यांच्या वाटा केल्या, मुलं पडली तरी गुडघाभरच पडतील अशा. जोमाकाकांच्या विहिरीवरून एक पाट काढला, टीचभर खोल, पानं सोडायला. वालपापडीचा बुटका मांडव घातला, खालून रांगत जाता येईल असा. पडलेल्या जांभळाचा ओंडका बैलांनी ओढत आणला, त्याची साल काढून बाबांनी तो रंध्यानं गुळगुळीत केला. मध्यभागी मातीचा मोठा डोंगर, त्याला टेकून पेंढ्याची उडवी. लूमवर काम करणारी माणसं, ज्यांच्या केसांत कापसाचं तूस कायमचं बसलेलं, ती पेंढ्यात बसून चहा प्यायची आणि आपापल्या गावच्या शेतांबद्दल बोलायची. कुणाचं गाव तळकोकणात, कुणाचं उत्तरेत. सगळ्यांच्या गावी डोंगर होता आणि प्रत्येकाचा डोंगर जास्त उंच होता.

आणि भिंत. भिंत माझी होती. चाळीच्या बाजूला, गटाराच्या कडेनं, माझ्या खांद्याइतकी. मुलं गटारात पडू नयेत, हे कारण मी नंतर शोधलं. खरं तर मला भिंतीवरचं वाक्य हवं होतं. कुणी विटा दिल्या, कुणी गवंडीकाम केलं, बाबांनी चुना लावला आणि मी गेरूनं वीतभर उंचीची अक्षरं काढली. ‘खेळणे हा प्रत्येक बालकाचा जन्मसिद्ध हक्क आहे.’ जोमाकाकांनी वाचलं आणि विचारलं, “पोरांना वाचता येते काय?” मी म्हटलं, “मोठ्यांसाठी आहे.” ते मान हलवत गेले.

पौषातल्या एका शुक्रवारी मैदान उघडलं. सगळी चाळ आली, पलीकडच्या दोन चाळी आल्या. कुणी शेवया आणल्या, कुणी तिळाच्या वड्या. मुलं डोंगरावरून पेंढ्यात उड्या मारत होती. आपा पाटात पाय सोडून बसली होती. मी भिंतीपाशी उभी होते, आपल्या अक्षरांकडे बघत.

शनिवारी कुणी आलं नाही. मला वाटलं, दमले असतील. रविवारी नाही. सोमवारी दोन मोठ्या मुली शाळा चुकवून आल्या, त्यांना बाबांनी परत पाठवलं. मग पुन्हा शुक्रवार आला आणि पुन्हा जत्रा. असे चार आठवडे गेले. मधल्या सहा दिवसांत पाटातलं पाणी कुणीही न अडवता वाहून जात होतं आणि उडवीवर कावळे बसत होते. मुलं परत घरात. नूरी परत खाटेच्या पायाला.

एका मंगळवारी गोदामवाला मोटारसायकलवरून आला. बांधावर उभा राहून हातानं हवेत शटर वरखाली करून जोमाकाकांना दाखवत होता. काकांनी त्याला हाकललं नाही. ते माझ्याकडे आले. “शुक्रवारची जत्रा मांडलंस गो तू. जत्रेला मी जमीन न्हाय दिली. शिमगा आला हा का.”

मी काय करावं? मी दुसरं पत्रक लिहिलं. ‘मातांनो, जाग्या व्हा!’ त्यात लिहिलं की जागा मिळूनही आपली लेकरं कोंडून ठेवणाऱ्या आयांना मालकांच्या जुलमाबद्दल बोलायचा अधिकार नाही. असंच बरंच लिहिलं. छापायला देण्याआधी आपाला वाचून दाखवलं. ती कांड्या साफ करत ऐकत होती. सुताचे तुकडे तिच्या मांडीवर पडत होते. शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत तिनं ऐकून घेतलं.

“छान लिहिलंस,” ती म्हणाली. “आता चल माझ्यासोबत.”

“कुठं?”

“तुझ्या मैदानात. आज कौन सा दिन आहे?”

“बुधवार.”

“हां. तेच.”

तिनं टोपली डोक्यावर घेतली, नूरीला कडेवर घेतलं. आम्ही गल्लीतून वळसा घालून खाचरात गेलो. तिनं मला जांभळाच्या ओंडक्यावर बसवलं, समोर टोपली ठेवली, हातात पातं आणि एक कांडी दिली. “मी बसते तशी बस. खाली बघ. सूत काढ.” मग नूरीला घेऊन ती मातीच्या डोंगरामागे गेली. मी सूत काढत राहिले. एक कांडी झाली, दुसरी घेतली. अंगठ्याला पातं लागलं, तो चोखला. थोड्या वेळानं आपा डोंगराला वळसा घालून आली. तिच्या कडेवर नूरी होती. नूरीचा चेहरा लाल, नाक वाहणारं, गालांवर मातीचे ओघळ, आणि हुंदके इतके मोठे की सगळं अंग हलत होतं.

आपा माझ्या कानाशी वाकली. ओरडून म्हणाली, “ऐकू आलं?”

“काय?”

“एकटीला सोडून मी बाजूला झाले. केव्हाची रडतेय. अम्मी अम्मी करून ओरडत होती. ऐकू आलं?”

तेव्हा मला लूम ऐकू आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. खाचराच्या पलीकडून, पूर्ण रांगेतून, खटाखट, खटाखट, छातीच्या आत. त्या तिथे होत्याच. सहा दिवस असायच्या. आम्ही हे मैदान आखलं ते सातव्या दिवशी, कोंबडा ऐकत. मावशीला एका मिनिटात कळलं असतं ते आम्हा एवढ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आपा माझ्या शेजारी बसली. नूरीला पदरानं पुसलं. “इथे कान चालत नाहीत गं. इथे डोळे चालतात. मी घरात बसून काम करते, समोर मागचं दार आहे. ते उघडलं तर काय दिसेल?”

मी बघितलं. भिंत दिसेल. चाळीच्या बाजूनं चुनादेखील न लावलेली.

“तुझं वाक्य तर दिसतं सगळ्यांना,” आपा म्हणाली. “माझी पोरगी नाही दिसत.”

त्या संध्याकाळी मी दुसऱ्या पत्रकाचा मसुदा बाबांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो वाचला, दुमडून खिशात ठेवला. मग खाटेखालून पहार काढली. “मीसुद्धा चुना लावला होता,” एवढंच म्हणाले.

भिंत आम्ही गुरुवारी पाडली, मुद्दाम, लूम चालू असताना. पहिला घाव मी ‘हक्क’ ह्या शब्दावर घातला. मनात म्हटलं, लिहिण्यापेक्षा हे बरं. पहारीचा आवाज ऐकू येत नव्हता, नुसता हाताला झटका कळत होता. चुन्याचा धुरळा नाकातोंडात गेला. विटा पडल्या तशी पलीकडची दारं दिसायला लागली. बारा बंद दारं.

पहिलं दार आपाचं हललं. कडी गंजून धरली होती. आपाचा नवरा ड्युटीवरून येताना लूमचं तेल घेऊन आला, कडीवर ओतलं आणि ती निघाली. मग ती तेलाची बाटली दारोदार गेली. आमच्या दाराची कडी बाबांनी उपसून काढली, तिथे अजून चार भोकं आहेत. मागचा कचरा बायकांनी दोन दिवसांत उचलला. भिंतीच्या विटा गटारावर आडव्या टाकून झाकण केलं, म्हणजे गटारही गेलं आणि मुलांना घरातून थेट उतरायला पायरी झाली. मधला डोंगर आम्ही टोपल्याटोपल्यांनी उचलून शेडांच्या बाजूला नेला, बसका केला. त्याच्या मागे काहीच लपत नव्हतं. वालाचा मांडव चाळीच्या दिशेनं उघडा केला. दर बदलाला एकच कसोटी: आपा दारात बसायची, नूरी त्या जागी उभी राहायची, आपा हात वर करायची. दिसते.

ह्या वेळी सगळं काम कामाच्या दिवशी झालं, त्यामुळे बोलणं हातांनी. लूमवाले शेडमध्ये बोलतात तसंच. ओठ बघायचे, बोटं बघायची. ती भाषा बायकांनी दारातून मैदानात आणली. मूठ छातीकडे ओढली की इकडे ये. पाच बोटं तोंडाशी, जेवायला चल. तळहात आडवा फिरवला, पुरे झालं आता. आठवड्याभरात मुलांना हे सगळं यायला लागलं. नूरी तर आईचं ‘जेवायला चल’ बघायची आणि लांबूनच आपला चिमुकला तळहात आडवा फिरवायची. अख्खी चाळ हसायची.

“बघ, उलट उत्तर द्यायला शिकली,” आपा मला म्हणाली. “तुझ्यावर गेली.”

ती जागा अजून आहे का, असं मला कुणी विचारतं. आहे. थोडी आखडली आहे. आता नव्वदचं दशक उताराला लागलं, एका अंगाला गोदाम आलंच, ट्रक मागे घेताना बांधाचा कोपरा दर वर्षी थोडा खातात आणि चाळीतल्या बायका दर वर्षी तो पुन्हा घालतात. जोमाकाका थकलेत. त्यांच्या मुलाला गोदामवाले भेटून जातात आणि तो अजून नाही म्हणतो. उद्याचं मला माहीत नाही. नवीन बिऱ्हाडं आली, नवीन पोरं आली. मी अजून पत्रकं लिहिते, अजून रागानं लिहिते, पण लिहून झालं की ज्या बाईबद्दल लिहिलंय तिला आधी वाचून दाखवते. मध्यंतरी एका बैठकीत बालोद्यानाचा रंगीत आराखडा पाहिला. हिरवळ, कारंजं, कडेनं उंच कुंपण. आखणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, “जागा कोणत्या वारी पाहिलीत?” त्यांना प्रश्न कळला नाही. आमच्या बाजूच्या एका मुलीला कळला. ती ह्या मैदानात वाढलेली.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीचं, शिमगा झाल्यावरचं. पेंढा विरून पिवळ्याचा राखाडी झाला होता, उडवी मुलांनी पायांखाली घालून पार बसवली होती. पळसाचा बहर उतरला होता. दुपारी दारांत ऊन यायचं म्हणून बायकांनी जुन्या चादरींचे पडदे लावले होते, कमरेइतके वर गुंडाळून ठेवलेले, नजरेला वाट राहील असे. त्या दिवशी सोमवार होता. लूम चालू होत्या. मी आपाच्या दारात विटांच्या पायरीवर बसून कांड्या न मोजता साफ करत होते, हाताला सवय लागली होती.

जोमाकाका बांधावरून आले. डोक्यावर काटक्यांचा आणि पाल्याचा मोठा भारा, मागे त्यांची मालकीण, तिच्या डोक्यावर शेणींची पाटी. राब. मी आपाला कोपरानं ढोसलं. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा हातातल्या कांडीकडे.

काका खाचराच्या तोंडाशी थांबले. भारा डोक्यावरच. पाटात कुणीतरी चिखलाचं धरण बांधलं होतं आणि दुसरं कुणीतरी ते फोडत होतं. ओंडक्यावर चौघं घोडा करून बसली होती. मांडवाखालून एकेक डोकं बाहेर यायचं आणि आत जायचं. काका ओठ हलवत बोटं मोजत होते, एका हातानं भारा धरून. मोजता मोजता चुकले, परत सुरुवात केली. पोरं एका जागी राहीनात. शेवटी त्यांनी मोजायचं सोडलं.

ते चाळीच्या बाजूला आले. घामानं निथळत होते. आपाच्या दारासमोर उभे राहून ओरडले, “जुबेदा! तुजी पोर कुटं हाय गो? दिसं ना ती!”

मी दचकून उभी राहिले. पाटाकडे बघितलं, ओंडक्याकडे, बसक्या डोंगराकडे. नूरी खरंच दिसत नव्हती.

आपाच्या हातात कांडी होती, अर्धी साफ झालेली. पातं सुताखालून सरकत होतं. तिनं मान वर केली नाही.

“असेल तिकडेच,” ती म्हणाली.

काकांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. त्यांना कळलं. भाऱ्याखाली मान ताठ ठेवून त्यांनी बारा उघड्या दारांवरून नजर फिरवली; दारादारातून बायका हातातलं काम करत मैदानाकडे बघत होत्या. मग वळले, मालकिणीला हातानं खूण केली आणि दोघं बांधावरून पुढे चालू लागली, नाल्यापलीकडच्या त्यांच्या दुसऱ्या वाफ्याकडे.